दोघांत एक नाक

विमेवाले म्हणजे अगदी नाकासमोर चालणारा माणूस. विमा कंपनीच्या आग विभागात त्यांची सगळी हयात गेली. दिवसभर लोकांची घरं कशी जळली ते वाचायचं आणि संध्याकाळी आपलं घर अजून जागेवर आहे ना, या धास्तीने घरी परतायचं. असा माणूस भित्रा होणार नाही तर काय होईल? इस्त्रीची वायर दिसली की त्यांना तिची फाइलच दिसायची. कपड्यांना कसर लागेल म्हणून स्वेटरांत मूठमूठ डांबरगोळ्या, कुलूप नीट लागलं नसेल म्हणून जिन्यातून परत वर, आणि झोपण्याआधी गॅसच्या बटणाशी वाकून एक दीर्घ श्वास. सोसायटीतले लोक हसायचे. हसोत बापडे. त्यांनी कुठे फायली वाचल्यात?

तर अशा माणसाच्या घरातलं एक नाक बंद पडलं. बायकोचं.

साधा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. पहिले काही दिवस दोघांनी हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी विमेवाले ऑफिसातून लवकर घरी आले, तर दारातच गॅसचा भपकारा. बायको स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून शांतपणे मासिक वाचत होती. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण चालूच. विमेवाल्यांनी खिडक्या उघडल्या, दारं उघडली, नको ते कपाटही उघडलं. ती म्हणाली, "अहो, काय झालं? असे काय करताय?"

तिला काही कळलंच नव्हतं. त्या दिवसापासून ऑफिसातून दर थोड्या वेळाने घरी फोन. "गॅस बंद आहे?" "आहे." "बघून सांग." "बघूनच सांगतेय." साहेबांना वाटलं, याचं घरी काहीतरी बिनसलंय. बिनसलं होतंच, पण ते साहेबांना कळण्यासारखं नव्हतं.

नाकाचे डॉक्टर म्हणाले, "ओळखीचे वास रोज हुंगायला द्या. येईल परत. कदाचित."

हा 'कदाचित' विमेवाल्यांच्या धंद्यातला. ज्या पत्रात तो येतो त्या पत्रातला दावा कधी मंजूर होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक.

घरी रोज वासांची शाळा सुरू झाली. साबण, लिंबू, लवंग. प्रत्येक वेळी ती डोळे मिटून हुंगायची आणि म्हणायची, "छान." विमेवाले हरखून गेले. पण माणूस विम्यातला! शंका ही त्यांची पोटापाण्याची विद्या. एके दिवशी त्यांनी धुऊन वाळवलेली रिकामी बाटली तिच्या नाकाशी धरली. तिने डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि प्रेमाने म्हणाली, "छान."

विमेवाले न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभे राहिले. बाटली रिकामी होती हे त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही.

मग एकदा भांडी पुसता पुसता तीच म्हणाली, "घर आपलं वाटत नाही हो. कुणाकडे पाहुणी आल्यासारखं वाटतं. मला कशाचा वास आठवतो माहितीय? बाबा घरी कॉफी भाजायचे. कच्चे हिरवे दाणे आणून. रविवारी त्या वासानेच जाग यायची. आधी ओल्या गवतासारखा, मग भाजत्या पावासारखा, आणि मग उठावंच लागायचं."

"पुड्यातली आणू का?"

"पुड्यातली म्हणजे कार्य उरकल्यावर हॉलवर पोचल्यासारखं."

झालं! विमेवाल्यांनी मनाशी ठरवलं. हिरवे दाणे आणायचे, घरी भाजायचे. तिला आधी काही सांगायचं नाही, कारण उगाच आशा लावली आणि वास आला नाही तर? त्या 'तर'च्या पुढे त्यांना विचारही करवत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, कॉफीचे दाणे आणायचे त्यात काय एवढं? आणून बघा.

पहिल्यांदा ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. "कॉफीचे दाणे हवेत. हिरवे."

"हिरवा तो चहा," वाणी म्हणाला.

"चहा नव्हे, कॉफी. हिरवी."

"साहेब, कॉफी काळी असते. हिरवी झाली असेल तर बुरशी. आम्ही तसला माल ठेवत नाही." दुकानातलं सगळं गिऱ्हाईक विमेवाल्यांकडे वळून बघू लागलं. बुरशी आलेली कॉफी मागणारा माणूस एकदा बघून ठेवावा, असा त्यांचा चेहरा होता. विमेवाले नको असलेला चहाचा पुडा घेऊन घरी आले.

मग त्यांनी मोबाइलवर शोधलं. 'हिरवी कॉफी' म्हटल्याबरोबर ढिगाने नंबर आले. त्यातला पहिला लावला. पलीकडे मधाळ आवाजाची एक मुलगी.

"हिरवी कॉफी मिळेल ना?"

"हो सर! किती किलोचा विचार आहे?"

"आधी एक किलो. पसंत पडली तर पाच."

"पाच किलो एका महिन्यात नक्की जातील सर."

"जातील कुठे?"

"पोटावरून सुरुवात होते सर. आत्ता कंबर किती आहे?"

विमेवाल्यांनी घाबरून खरं माप सांगितलं. मग मुलगी आवाज उतरवून म्हणाली, "सर, तुम्ही दहाचाच कोर्स घ्या." पुढे कितीतरी दिवस तिचे फोन येत राहिले, तेही नेमके ऑफिसात. शेजारच्या टेबलावरच्या बाई त्यांना रोज डब्यातली काकडी देऊ लागल्या.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सल्ला दिला, "घाऊक बाजारात जा. तिथे सगळं मिळतं." काकूंचा स्वभाव असा, की स्वतः कधीही न गेलेल्या ठिकाणचा रस्ता त्या छातीठोकपणे सांगतात. विमेवाले शोधत शोधत एका गोदामात पोचले. व्यापाऱ्याने नमुन्याच्या डब्यातून ओंजळभर दाणे काढून दाखवले. निळसर हिरवे, एकसारखे, टपोरे. विमेवाले नुसते बघत राहिले.

"गेल्या हंगामातले की या?" त्यांनी विचारलं. एवढं त्यांनी वाचून ठेवलं होतं.

"या," व्यापारी म्हणाला. कुठला हंगाम ते त्याने सांगितलं नाही. माल पोत्याने घ्यावा लागेल म्हणाला. बऱ्याच गयावया केल्यावर एक पिशवी भरून दिली. घरी येऊन गच्चीवर चोरून उघडली, तर आत निम्मे दाणे काळे, निम्मे भोकं पडलेले, आणि एका भोकातून एक किडा बाहेर येऊन विमेवाल्यांकडे बघतोय. त्यांनी परत जाऊन नमुना आणि माल यांतला फरक दाखवला. व्यापारी म्हणाला, "साहेब, नमुना हा नमुना असतो." आग विभागात आयुष्य काढलेल्या माणसाने किड्यासकट पिशवी तिथेच सोडली.

असे नाकी नऊ आल्यावर मग सापडल्या बागवाल्या बाई. त्यांची स्वतःची कॉफीची बाग. माल हवा म्हटल्यावर "पाठवते" म्हणण्याऐवजी त्यांनी विमेवाल्यांचीच परीक्षा घेतली. कशात भाजणार? कुठे ठेवणार? घरात कोण कोण? विमेवाल्यांना पहिल्यांदाच धीर आला. जो विकणारा आधी चौकशी करतो तो बुडवत नाही, हे विम्यातलं तत्त्व. बाई म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. कच्चा दाणा शेजारचा वास ओढून घेतो. कांद्याजवळ नको, साबणाजवळ नको, फिनाइल तर बिलकूल नको."

"नाही ठेवणार," विमेवाल्यांनी शपथ घेतल्यासारखं सांगितलं.

मोबाइलला रेंज फक्त जिन्यात, आणि बायकोला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून पुढची सगळी बोलणी जिन्यात, हळू आवाजात. आता गंमत अशी, की कॉफीचा दाणा भाजताना लाहीसारखा तडकतो. बाई त्याला 'फुटणं' म्हणायच्या. एकदा फुटतो, थोड्या वेळाने परत फुटतो, आणि दुसऱ्यांदा फुटायच्या आत आच बंद करायची. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. त्यांच्या कानावर जे पडलं ते असं:

"म्हणजे पहिला फुटला की घाबरायचं नाही... आवाज मोठा होतो का हो? शेजाऱ्यांना जाईल?... बरं बरं. दुसरा फुटला तर मात्र सगळं संपलंच म्हणा... माल साध्या खोक्यातून पाठवा. वर काही लिहू नका. बायकोला अजून कल्पना नाही."

हेडमास्तरांची पाचावर धारण बसली. भाजी जिन्यातच राहिली. तासाभरात सोसायटीभर झालं की तो आग विभागातला घुम्या माणूस काहीतरी फोडणार आहे. "मी तर आधीच म्हणत होते," काकू म्हणाल्या. "एवढा नाकासमोर चालतो म्हणजे काहीतरी असणारच."

खोकं आलं ते रविवारी सकाळी. विमेवाले खाली उतरले तर अंगणात सगळी सोसायटी लांब भिंतीला चिकटून उभी, मधोमध खोकं, आणि भोवती पाण्याच्या बादल्या. वॉचमनच्या हातात एक बादली तयारच होती.

सेक्रेटरी खांबामागून म्हणाले, "तुमचं आहे ना? मग तुम्हीच उघडा."

"उघडतो की. पण तुम्ही सगळे एवढ्या लांब का?"

सेक्रेटरी खांबामागे आणखी सरकले. एवढी माणसं घाबरलेली पाहून विमेवाल्यांना वाटलं, ज्या अर्थी सगळे घाबरलेत त्या अर्थी घाबरण्यासारखं काहीतरी नक्की असणार. तेही घाबरले. त्यांनी चिकटपट्टीचं टोक धरून ओढलं. चिकटपट्टी किंचाळली. "फुटला!" हेडमास्तर ओरडले, आणि वॉचमनने बादली उपडी केली.

पाणी येताना दिसलं तेव्हा विमेवाल्यांनी काय करावं? उभ्या जन्मात हिंमत न केलेल्या त्या माणसाने खोक्यावर झेप घेतली आणि ते पोटाशी कवटाळलं. एक बादली, दुसरी, तिसरी. सगळं पाणी पाठीवर. "ओतू नका! भिजेल! महिने गेलेत हो माझे!" ते ओरडत होते आणि लोकांना वाटत होतं, हा स्वतःच्या देहाने स्फोट अडवतोय.

शेवटी खोकं उघडलं. आत कापडी पिशवी आणि पिशवीत हिरवे दाणे. विमेवाल्यांनी तिथेच, ओल्याचिंब अवस्थेत, सगळं खरं सांगितलं. बायकोचं नाक, गॅस, बागवाल्या बाई, सगळं. वर गॅलरीत बायको उभी होती. तिनेही ऐकलं. ती पदराने डोळे पुसून आत गेली.

कुणालाही वाटेल की प्रकरण इथे मिटलं. पण सोसायटीला सेक्रेटरी का असतो? ते खांबामागून बाहेर आले. भीती गेल्यावर माणसाला नियम आठवतात. "राहत्या जागेत भट्टी लावायला कमिटीची परवानगी लागेल. तोवर माल सोसायटीच्या ऑफिसात जमा करा."

सोसायटीचं ऑफिस! जिथे झाडू, रंगाचे डबे आणि फिनाइलचे कॅन! विमेवाल्यांच्या डोळ्यांपुढे बागवाल्या बाई उभ्या राहिल्या. "आणून देतो," म्हणत ते पिशवी घेऊन जे वर पळाले ते थेट झोपायच्या खोलीत. कांदा नाही, साबण नाही, फिनाइल नाही अशी घरात एकच जागा होती. कपाट उघडलं, पिशवी स्वेटरांच्या मागे कोंबली आणि किल्ली खिशात टाकली. सेक्रेटरी दोनदा विचारायला आले, दोन्ही वेळा विमेवाल्यांनी नुसती शिंक दिली. बायकोलाही जागा सांगितली नाही. उगाच तिला का खोटं बोलायला लावा? एकच शब्द खोटा बोलून ती आधीच किती थकली होती.

शिंका मात्र खऱ्या होत्या. बादल्यांनी आपलं काम केलं होतं. दुसऱ्या दिवशी विमेवाले उठले ते नाक चोंदून. गॅसच्या बटणाशी वाकले, श्वास घेतला, आणि त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. काहीच वास नाही. गॅस नाही म्हणून वास नाही की नाक नाही म्हणून, हेही कळेना. दोघांत एक नाक होतं, तेही गेलं.

त्यानंतरचे दिवस शत्रूवरही येऊ नयेत. गॅस मुळापासून बंद. जेवायला पाव आणि गार दूध. तरीही विमेवाल्यांना धीर धरवेना. शेजाऱ्यांनी आपल्या घरात नाक खुपसू नये म्हणून जन्मभर दार लावून घेतलेला हा माणूस आता दारोदार जाऊन विनवू लागला, "जरा आत येऊन नाक खुपसता का?" आणि लोक येऊ लागले, हो! सकाळी वॉचमन, दुपारी काकू, संध्याकाळी हेडमास्तर. हेडमास्तर स्वयंपाकघराच्या मधोमध डोळे मिटून उभे राहायचे आणि निकाल द्यायचे, "निर्गंध!"

"माझ्यामुळे किती भोगताय तुम्ही," बायको एकदा म्हणाली.

"भोगतोय कुठे? घाबरतोय नुसता," विमेवाले म्हणाले. "तुला काही झालं असतं त्या दुपारी, तर मी..." पुढचं वाक्य शिंकेत गेलं. बरंच झालं, कारण ते त्यांना पुरं करता आलं नसतं.

अखेर कमिटी बसली आणि परवानगी मिळाली. एका अटीवर: भाजणी कमिटीसमोर व्हावी, खिडक्या उघड्या ठेवून. सर्दी जाईपर्यंत थांबा म्हणून विमेवाल्यांनी हात जोडले, पण सेक्रेटरी म्हणाले, परवानगी याच रविवारपुरती आहे.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. विमेवाल्यांनी कपाटातून पिशवी काढली, लोखंडी कढई ठेवली, गॅस लावला आणि झाऱ्याने दाणे भराभर हलवू लागले. आपलं नाक बंद, बायकोचं नाक बंद, म्हणून हेडमास्तरांना कढईशी उभं केलं होतं.

"गवत आलं का मास्तर?"

"आलं."

"पाव?"

"पावही येतोय... आणि बरोबर आणखीही काहीतरी आहे. ओळखीचं आहे, पण नाव आठवत नाही."

"ती कॉफी!" सेक्रेटरी जाणकारासारखे म्हणाले.

तेवढ्यात पहिला दाणा फुटला. तड्! सांगून ठेवलं असूनही अख्खी कमिटी खाली बसली. विमेवाले बसले नाहीत. त्यांनी दुसऱ्यांदा फुटण्याआधी गॅस बंद केला, दाणे सुपात ओतले, फुंकर मारून सालपटं उडवली. काकूंनी दाणे दळून कॉफी केली आणि सगळ्यांच्या हातात कप आले.

"वा!" सेक्रेटरी म्हणाले. "काहीतरी वेगळीच आहे."

"औषधी वाटते," काकू म्हणाल्या आणि हळूच कप खाली ठेवला.

"घशाला गार लागते, हो ना?" हेडमास्तर म्हणाले. "उत्तम! उत्तम!" पाण्याच्या बादल्यांची सगळ्यांनाच लाज वाटत होती, त्यामुळे जो तो गोड बोलत होता.

विमेवाल्यांचं यातल्या कशाकडे लक्ष नव्हतं. ते बायकोकडे बघत होते. तिने दोन्ही हातांत कप धरला होता. तिने डोळे मिटले. आता ती श्वास घेईल, आता हसेल, आणि आता तो शब्द बोलेल. एवढ्या महिन्यांत त्यांना आगीची, गॅसची, किड्यांची, सेक्रेटरींची भीती वाटली होती, पण त्या एका शब्दाइतकी कशाचीच नाही. 'छान म्हणू नकोस,' ते मनात म्हणत होते. 'काहीही म्हण, पण छान म्हणू नकोस.'

तिने श्वास घेतला. तिच्या कपाळाला आठी पडली. परत हुंगलं. मग तिने नाक मुरडलं आणि कप लांब धरला.

"अहो," ती म्हणाली, "याला डांबरगोळ्यांचा वास येतोय."

हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला. "डांबरगोळ्या! तेच नाव मला आठवत नव्हतं!" आणि त्यांनी घाईने कप मोरीत ओतला. बाकीच्यांनीही ओतले.

विमेवाल्यांच्या हातातून झारा पडला. "परत म्हण."

"काय परत म्हणू? घाण वास येतोय! कुठे ठेवले होतेत दाणे? स्वेटरांत?" आणि मग तिचं तिलाच कळलं. ती बोलायची थांबली. तिने कप परत नाकाशी नेला, हावरटासारखा, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "अहो, खूप घाण वास येतोय हो! आणि त्याच्या खाली... खाली भाजल्याचा. बाबांचा. थोडासाच आहे, पण आहे. तुम्हाला येत नाही?"

"नाही!" विमेवाले रडत, हसत, शिंकत ओरडले. "मला काही म्हणजे काही येत नाही!"

काकूंनी सगळ्यांना दाराबाहेर काढलं. सेक्रेटरी जाता जाता अहवालाचं काहीतरी म्हणत होते, ते कुणी ऐकलं नाही.

घरात दोघंच उरली. विमेवाले सवयीने उठले आणि गॅसच्या बटणाकडे वाकू लागले. बायकोने त्यांचा खांदा धरून त्यांना खुर्चीत बसवलं. स्वतः शेगडीशी वाकली, सावकाश श्वास घेतला आणि पदर खोचून मोरीतल्या कपांकडे वळली.

"बंद आहे," ती म्हणाली. "तुम्ही बसा आता. सर्दी जाईपर्यंत गॅसचं मी बघते."